जॉन म्हणतो ‘हॅश लोड झाले नाहीत’, आणि अहवालात जातं ‘पासवर्ड पक्के’

लिनक्स सर्व्हरवरच्या लोकल खात्यांचे पासवर्ड तपासायला घेतले की एक अडचण हमखास येते. शॅडो फाइल, म्हणजे पासवर्डांचे हॅश (ज्यांवरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही असे गणिती ठसे) जिथे असतात ती, ‘जॉन द रिपर’ या पासवर्ड फोडून पाहणाऱ्या प्रोग्रामला दिली, एंटर दाबलं आणि दोन सेकंदांत प्रॉम्प्ट परत. वर एकच ओळ: ‘नो पासवर्ड हॅशेस लोडेड’. कधी त्याऐवजी ‘नो पासवर्ड हॅशेस लेफ्ट टू क्रॅक’. आणि कधी दोन्ही नाही, जॉन रात्रभर इमानेइतबारे चालतो आणि सकाळी एकही पासवर्ड फुटलेला नसतो. तिन्ही वेळा अहवालात वाक्य मात्र तेच उतरतं: कमकुवत पासवर्ड आढळले नाहीत.

पहिल्या संदेशाचा अर्थ, जॉनने काही तपासलंच नाही. दुसऱ्याचा अर्थ बऱ्याचदा नेमका उलटा, म्हणजे सगळे पासवर्ड आधीच फुटलेले आहेत. तिसऱ्याचा अर्थ काय ते यादी, वेग आणि हॅशचा प्रकार पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ‘पासवर्ड पक्के आहेत’ हा अर्थ यातल्या एकातूनही आपोआप निघत नाही.

पुढचं सगळं स्वतःच्या ताब्यातल्या मशीनसाठी आहे, आणि तेही लेखी परवानगी हातात असेल तरच. आपण रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) आहोत म्हणजे सहकाऱ्यांचे पासवर्ड फोडायचा अधिकार आपोआप मिळतो, असं नाही. ही परवानगी आधी घ्या. नंतर मागायला गेलात तर प्रकरण फार वेगळ्या वळणावर जातं.

आधी आमिषाची ओळ घाला

कारण शोधायला लागण्यापूर्वी एक पाच मिनिटांचं काम करा. ज्या फाइलवर जॉन चालवणार, तिच्या प्रतीत शेवटी दोन खोट्या ओळी जोडा. जॉनला एका ओळीत खात्याचं नाव, कोलन आणि हॅश एवढं मिळालं तरी पुरतं. पहिल्या ओळीतला हॅश अशा शब्दाचा असू दे, जो तुमच्या वर्डलिस्टमध्ये, म्हणजे जॉन जे शब्द लावून पाहतो त्या यादीत, नक्की आहे. दुसऱ्या ओळीत पासवर्ड म्हणजे त्या खात्याचंच नाव आणि पुढे एक आकडा.

हॅश बनवायला ‘एमकेपासवर्ड’ वापरा. डेबियन-उबुंटूवर ते ‘हूइज’ पॅकेजसोबत येतं, का कोण जाणे. पद्धत म्हणून ‘येसक्रिप्ट’ किंवा ‘शा-५१२’ सांगता येते. ‘ओपनएसएसएल’च्या ‘पासवर्ड’ उपकमांडलाही उणे सहा पर्याय दिला की शा-५१२ चा हॅश मिळतो, येसक्रिप्टचा मात्र नाही. तुमच्या शॅडो फाइलमध्ये हॅशचे जितके प्रकार असतील, तितक्या आमिषाच्या जोड्या हव्यात. एक पथ्य पाळा: या ओळी फक्त प्रतीत घालायच्या. खऱ्या सर्व्हरवर ‘टेस्ट’ नावाचं कमकुवत पासवर्डचं खातं उघडून चाचणी घेणारे लोक असतात, आणि ते खातं पुढे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतं.

आता जॉन चालवा. दोन्ही आमिषं पटकन फुटली तर तपासणी निदान चालू स्थितीत आहे, आणि बाकीच्या खात्यांबद्दल जे कळेल त्याला काही किंमत आहे. आमिषच फुटलं नाही, तर बाकीच्या शून्याला काडीची किंमत नाही. पुढच्या भागातली कारणं या दुसऱ्या शक्यतेची.

हॅश लोडच होत नाहीत

सर्वांत साधं कारण म्हणजे चुकीची फाइल. ‘ईटीसी’मधल्या ‘पासवर्ड’ नावाच्या फाइलमध्ये आजकाल पासवर्ड नसतो, दुसऱ्या रकान्यात नुसता एक एक्स असतो. खरा हॅश शॅडो फाइलमध्ये, आणि ती फक्त रूटला, डेबियनच्या घराण्यात फार तर ‘शॅडो’ गटालाही, वाचता येते. म्हणून जॉनसोबत ‘अनशॅडो’ नावाची छोटी कमांड येते. तिला आधी पासवर्ड फाइल आणि मग शॅडो फाइल द्यायची, ती दोन्ही जोडून एक फाइल करते. क्रम उलटा झाला तर जे बाहेर येतं त्याचा काही उपयोग नाही.

काही जण अनशॅडो टाळून थेट शॅडो फाइलच जॉनला देतात. ती लोड होते, चालते, कुणाला काही खटकत नाही. पण जॉनची पहिली आणि सर्वांत स्वस्त पद्धत, जिला तो ‘सिंगल’ म्हणतो, ती खातेदाराचं पूर्ण नाव, होम डिरेक्टरी, लॉगिन नाव यांची मोडतोड करून पाहते. यातलं पूर्ण नाव आणि होम डिरेक्टरी पासवर्ड फाइलमध्ये असते, शॅडोमध्ये नसते. म्हणजे आडनाव उलटं लिहून पुढे जन्मसाल जोडणारा माणूस अशा तपासणीतून सहीसलामत सुटू शकतो.

इथे आणखी एक खाच आहे, आणि ती सुरक्षेच्या दृष्टीने वाईट आहे. ‘सुडो’ लावून अनशॅडो चालवलं आणि बाण टाकून आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर अनशॅडो रूट म्हणून चालतं, पण फाइल तयार करतं तुमचं साधं शेल. उमास्क (नव्या फाइलची परवानगी ठरवणारा आकडा) नेहमीचा ०२२ असेल तर फाइलची परवानगी ६४४ होते. म्हणजे रूटशिवाय कुणी वाचू नये म्हणून जपलेले सगळे हॅश आता त्या मशीनवरच्या प्रत्येकाला वाचायला मोकळे. पासवर्डची ताकद तपासायला निघालो आणि जाताना तिजोरी उघडी ठेवली, असा प्रकार. आधी उमास्क ०७७ करा, मग रूटच्या शेलमधूनच अनशॅडो चालवा.

फाइल बरोबर आहे आणि तरी ‘नो पासवर्ड हॅशेस लोडेड’ येतंय? मग बहुधा येसक्रिप्ट.

शॅडो फाइलमधल्या दुसऱ्या रकान्याची सुरुवात पाहा. ‘कट’ कमांडला कोलन हा विभाजक आणि दुसरा रकाना सांगा, मग प्रत्येकाची पहिली तीन अक्षरं घ्या, ‘सॉर्ट’ आणि मोजणीसह ‘युनिक’ लावा. एका ओळीत अख्ख्या मशीनचा हिशेब समोर येतो. $१$ म्हणजे एमडी५-क्रिप्ट, जो फ्रीबीएसडीच्या पॉल-हेनिंग कॅम्प यांनी १९९४ मध्ये लिहिला. $२ ने सुरू होणारा बीक्रिप्ट, ओपनबीएसडीकडून १९९९ मध्ये आलेला. $५$ आणि $६$ म्हणजे शा-२५६ आणि शा-५१२ यांवर आधारलेले क्रिप्ट. आणि $वाय$ म्हणजे येसक्रिप्ट.

डेबियन ११ आणि फेडोरा ३५ यांनी २०२१ मध्ये नव्या पासवर्डांसाठी येसक्रिप्ट हा डीफॉल्ट केला, उबुंटू २२.०४ त्याच वाटेने गेलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ अजून शा-५१२ वरच आहे. म्हणून एकच स्क्रिप्ट एका मशीनवर व्यवस्थित चालते आणि शेजारच्या मशीनवर हात टेकते. गंमत अशी की जॉन आणि येसक्रिप्ट दोन्ही एकाच घरचे. ओपनवॉल प्रकल्पाच्या सोलर डिझायनर यांनीच दोन्ही बनवले, तरी १.९.० पर्यंतचा जॉन येसक्रिप्ट आपणहून ओळखत नाही.

उपाय छोटा आहे. जॉनला ‘फॉरमॅट’ या पर्यायात ‘क्रिप्ट’ असं सांगायचं. मग तो स्वतःची वेगवान गणितं बाजूला ठेवून मशीनच्याच क्रिप्ट लायब्ररीला हाक मारतो, आणि त्या लायब्ररीला येसक्रिप्ट येत असेल तर काम होतं. या ‘असेल तर’वर बरेच जण अडकतात. हॅश गोळा केले नव्या डेबियनवर आणि जॉन चालवला कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर, तर तिथल्या लायब्ररीला येसक्रिप्ट माहीतच नसतो. लिबएक्सक्रिप्ट ही क्रिप्ट लायब्ररी असलेलं, निदान तितकंच नवं मशीन घ्या.

निकाल पाहतानाही तोच पर्याय पुन्हा द्यावा लागतो. फॉरमॅट क्रिप्ट देऊन हॅश फोडले आणि नंतर नुसतं ‘शो’ म्हटलं, तर जॉनला त्या ओळी पुन्हा अनोळखी वाटतात आणि तो शून्य दाखवतो. रात्रीत फुटलेले पासवर्ड सकाळच्या अहवालातून गायब होण्याचं हे एक ठरलेलं कारण.

एक गोष्ट विसरू नका. फॉरमॅट सक्तीने सांगितला की जॉन त्याला न जुळणारे हॅश बाजूला टाकतो. क्रिप्टच्या बाबतीत हा धोका कमी, कारण लायब्ररीला येणारे सगळे प्रकार त्यात बसतात. पण कुणी ‘शा-५१२-क्रिप्ट’ असा फॉरमॅट स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवला असेल, तर $१$ वाले जुने हॅश, म्हणजे ज्यांची सर्वांत आधी काळजी करायला हवी ते, त्या तपासणीत येतच नाहीत. वरच्या मोजणीतला आकडा आणि जॉनने ‘लोडेड’ म्हणून सांगितलेला आकडा जुळतो का ते दर वेळी पाहा. आमिषाच्या ओळी वजा करून.

लिनक्सबाहेरची गोष्ट थोडक्यात. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर हॅश ‘मास्टर डॉट पासवर्ड’ फाइलमध्ये असतात आणि तीत पूर्ण नावासकट सगळं असतं, म्हणून अनशॅडो लागत नाही. मॅकओएसवर शॅडो फाइलच नाही. प्रत्येक खात्याची वेगळी पीलिस्ट फाइल आणि तीत पीबीकेडीएफ२ चा हॅश. तो आधी जॉनच्या जंबो आवृत्तीसोबतच्या स्क्रिप्टने बाहेर काढावा लागतो. आणि एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरून, येणारी खाती कुठल्याच लोकल फाइलमध्ये नसतात. ‘गेटेंट’ या खात्यांची यादी दाखवणाऱ्या कमांडला खाती दिसतात पण शॅडोमध्ये नाहीत, याचा अर्थ त्यांची तपासणी इथे होणारच नाही.

‘लेफ्ट टू क्रॅक’ काही उरलं नाही

जॉन एकदा फोडलेला हॅश पुन्हा फोडत बसत नाही. फुटलेली प्रत्येक जोडी तो ‘जॉन डॉट पॉट’ फाइलमध्ये लिहून ठेवतो. पॅकेजमधून बसवलेला जॉन असेल तर ही फाइल वापरकर्त्याच्या होममधल्या लपलेल्या ‘.जॉन’ डिरेक्टरीत असते. पुढच्या वेळी तोच हॅश दिसला की तो त्याला यादीतून वगळतो. सगळेच वगळले गेले, तर ‘नो पासवर्ड हॅशेस लेफ्ट टू क्रॅक’.

हाताने चालवताना हे कळतं. फसवणूक होते क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत. समजा दर महिन्याला स्क्रिप्ट चालते आणि जॉनने त्या फेरीत जे नवं छापलं तेवढंच मेल करते. पहिल्या महिन्यात सात खाती सापडली. सातही जणांना कळवलं, त्यातल्या दोघांनी पासवर्ड बदलला. दुसऱ्या महिन्यात उरलेल्या पाचांचे हॅश जसेच्या तसे आहेत, पॉट फाइलमध्येही आहेत, म्हणून जॉन त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मेल रिकामा येतो. साहेब खूश. पाच खाती तशीच.

अहवाल नेहमी ‘शो’च्या निकालावरून बनवा, फेरीच्या आउटपुटवरून नाही. ‘शो’ फाइलमधल्या आजच्या हॅशची पॉटशी गाठ घालून सांगतो की आत्ता या घडीला कुठली खाती फुटलेली आहेत. ज्यांचा पासवर्डाचा रकाना रिकामाच आहे अशी खातीही तो ‘नो पासवर्ड’ म्हणून दाखवतो, आणि तशी एखादी ओळ दिसली तर बाकी सगळं सोडून आधी तिच्याकडे जा.

याच गोंधळाचा एक धाकटा भाऊ आहे: ‘क्रॅश रिकव्हरी फाइल इज लॉक्ड’. जॉनची एक फेरी आधीच चालू असताना दुसरी सुरू केली की हा संदेश येतो. मागच्या महिन्याची फेरी अजून संपलेलीच नाही, हे पुष्कळदा इथेच पहिल्यांदा कळतं. ‘सेशन’ पर्यायाने प्रत्येक फेरीला वेगळं नाव द्या.

रात्रभर चाललं, सापडलं काही नाही

आमिष फुटलं, हॅशचा आकडा जुळला, आणि तरी शून्य. आता प्रश्न वेगाचा.

जुना एमडी५-क्रिप्ट एका पासवर्डासाठी १,००० फेऱ्या करतो, शा-५१२-क्रिप्ट डीफॉल्ट ५,०००. येसक्रिप्ट वेगळ्याच जातीचा आहे, तो वेळेसोबत मेमरीही खातो. लिबएक्सक्रिप्टच्या डीफॉल्ट मापाने एका प्रयत्नाला साधारण १६ मेगाबाइट. हल्लेखोराला जे जड जावं म्हणून केलं, ते तपासणाऱ्यालाही तितकंच जड जातं. त्यात प्रत्येक खात्याचा सॉल्ट (हॅश करताना मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) वेगळा, म्हणून एकच शब्द शंभर खात्यांसाठी शंभर वेळा मोजावा लागतो.

हिशेब मांडून पाहा. समजा तुमचं मशीन सेकंदाला १०० प्रयत्न करतं आणि खाती १०० आहेत. म्हणजे सगळ्या खात्यांवर मिळून सेकंदाला एक शब्द. २००९ मध्ये रॉकयू या साइटवरून फुटलेल्या पासवर्डांची जी यादी सगळीकडे वापरतात, तीत १ कोटी ४० लाखांहून अधिक ओळी आहेत. ती नियमांशिवाय एकदा संपायला या वेगाने सुमारे १६२ दिवस लागतील. त्यावर ‘रूल्स’ लावले, म्हणजे प्रत्येक शब्दाला आकडे जोडणं, अक्षरं बदलणं वगैरे, तर कित्येक वर्षं. रात्रभर चालवून तुम्ही त्या यादीचा एक कोपराही पाहिलेला नसतो. पण तीच यादी वापराच्या प्रमाणात लावलेली असेल आणि तुम्ही वरचे १०,००० शब्दच घेतले, तर १०,००० सेकंद, म्हणजे तीन तासांच्या आत काम संपतं.

त्यामुळे येसक्रिप्टवर मोठी वर्डलिस्ट चालवणं हा माझ्या मते निव्वळ वीज जाळण्याचा प्रकार आहे. छोटी आणि नेमकी यादी करा. आधी सिंगल पद्धत पूर्ण होऊ द्या. मग तुमच्या संस्थेचं नाव, प्रॉडक्टची नावं, सर्व्हरची होस्टनेम, इमारतीचं नाव, चालू आणि गेल्या दोन वर्षांचे आकडे, ऋतू आणि महिने, आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी मिळणारा तो ठरलेला पासवर्ड. ही शे-दोनशे शब्दांची यादी, त्यावर माफक नियम. शेवटी सर्वाधिक वापरातले दहाएक हजार. ‘इन्क्रिमेंटल’ पद्धत, म्हणजे अक्षरांची एकेक जोडणी करत जाणं, येसक्रिप्टसाठी विसरा. ‘फोर्क’ पर्यायाने काम प्रोसेसरच्या कोअरमध्ये वाटून घ्या, पण मेमरी पाहून, आणि चालत्या प्रॉडक्शन सर्व्हरवर तर कधीच नाही.

छोट्या यादीवर विश्वास ठेवायला जुना आधार आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या ३,२८९ पासवर्डांचा हिशेब मांडला होता. त्यातले ८६ टक्के एक तर फारच आखूड, नाहीतर नुसत्या लहान अक्षरांचे, नाहीतर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे निघाले. नऊ वर्षांनी, १९८८ मध्ये, याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेल्या वर्मने (नेटवर्कवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने) पासवर्ड ओळखायला आधी खात्याचं नाव आणि त्याचे फेरफार, आणि मग बरोबर आणलेले ४३२ शब्द वापरले. नावाने सुरुवात आणि मग छोटी यादी, हाच क्रम आजही बरोबर ठरतो.

अहवालातलं वाक्यही मग खरं लिहिता येतं. ‘कमकुवत पासवर्ड नाहीत’ असं नाही, तर ‘अमुक यादी, अमुक नियम, इतके हॅश लोड झाले, दोन्ही आमिषं फुटली, बाकी एकही नाही’. वाचणाऱ्याला त्यावरून स्वतःचा अंदाज बांधता येतो.

तीच खाती पुन्हा का सापडतात

हा भाग जॉनचा नाही, पण तक्रार परत परत येते ती मुख्यतः इथूनच.

पासवर्ड ठेवतानाच अडवायचं काम पॅमच्या, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या, ‘पीडब्ल्यूक्वालिटी’ मॉड्यूलचं. रूटने दुसऱ्या कुणाचा पासवर्ड ठेवला तर हे मॉड्यूल ‘बॅड पासवर्ड’ असं कुरकुरतं आणि तो स्वीकारतं. ‘एन्फोर्स फॉर रूट’ असं स्पष्ट लिहिल्याशिवाय रूटला ते अडवत नाही. हेल्पडेस्कवरून रीसेट झालेले सगळे पासवर्ड याच दारातून आत येतात. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलमध्ये तर हे मॉड्यूल नसतंच, वेगळं घालावं लागतं.

जिथे ते आहे, तिथे ‘मिनलेन’ (किमान लांबी) पाहताना त्याच्याजवळचे ‘क्रेडिट’चे आकडेही पाहा. आकडा उणे असेल तर त्या जातीची तितकी अक्षरं असलीच पाहिजेत. अधिक असेल तर उलट सूट मिळते. मिनलेन १२ आणि चारही क्रेडिट अधिक एक, तर लहान अक्षर, मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह असलेला आठ अक्षरी पासवर्ड बारा अक्षरी म्हणून पास होतो. पीडब्ल्यूक्वालिटीमध्ये हे आकडे डीफॉल्ट शून्य आहेत, पण जुन्या पॅम-क्रॅकलिबच्या काळातली सेटिंग उचलून आणली असेल तर तिथे ते एक असतात. फाइल उघडून पाहिल्याशिवाय बोलू नका.

काही वाटा मुळात पॅमला शिवतच नाहीत. ‘यूजरॲड’ किंवा ‘यूजरमॉड’ला तयार हॅश देणं, ‘सीएचपासवर्ड’ला उणे ई पर्यायाने हॅश भरवणं, किंवा ॲन्सिबल या अनेक मशीनची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनातून खातं बनवणं. मूळ पासवर्ड काय होता हे मशीनला कळतच नाही, मग तपासणार काय? त्यात ॲन्सिबलची एक सवय फार छळते. त्याच्या ‘यूजर’ मॉड्यूलमध्ये ‘अपडेट पासवर्ड’ हा पर्याय डीफॉल्ट ‘ऑल्वेज’ असतो. तुम्ही सांगितलंत म्हणून माणसाने बिचाऱ्याने चांगला पासवर्ड ठेवला, आणि रात्री प्लेबुक (ॲन्सिबलच्या कामांची फाइल) चाललं की फाइलमधला जुना हॅश पुन्हा जागेवर. महिन्याने तो पुन्हा तुमच्या यादीत, आणि बोलणी त्यालाच. हा पर्याय ‘ऑन क्रिएट’ करा.

हे ओळखायची खूण शॅडो फाइलच्या तिसऱ्या रकान्यात असते. १ जानेवारी १९७० पासून किती दिवसांनी पासवर्ड शेवटचा बदलला, तो आकडा तिथे असतो. उदाहरणार्थ २०००० म्हणजे ४ ऑक्टोबर २०२४. वीस जणांच्या ओळीत एकच आकडा दिसला, तर वीस जणांनी एकाच दिवशी आपापला पासवर्ड बदलला असं समजू नका. तो बदल यंत्राचा आहे. तसंच दोन वेगळ्या सर्व्हरवर सॉल्टसकट तोच हॅश दिसला, तर दोन्ही एकाच इमेजवरून (तयार डिस्कच्या प्रतीवरून) काढलेत किंवा हॅश कुणीतरी कॉपी केलाय. वेगवेगळा सॉल्ट घेऊन हॅश असा हुबेहूब जुळत नाही. यासाठी काही फोडावंही लागत नाही, सगळ्या मशीनचे दुसरे रकाने एकत्र करून ‘युनिक’ला दुहेरी ओळी दाखवायला सांगितलं की झालं. अशी जुळी खाती मी नेहमी सर्वांत आधी काढतो, कारण एक फुटलं की सगळी फुटली.

आणि $१$. ‘लॉगिन डॉट डेफ्स’मध्ये किंवा पॅममध्ये पद्धत बदलून येसक्रिप्ट केली म्हणजे जुने हॅश बदलत नाहीत. हॅशवरून पासवर्ड परत मिळत नसल्यामुळे मशीनला ते बदलता येतही नाहीत. नवी पद्धत लागू होते ती त्या माणसाने पुढच्या वेळी पासवर्ड बदलल्यावर. अपग्रेड होत होत आलेल्या सर्व्हरवर दहा-बारा वर्षांपूर्वीचे एमडी५-क्रिप्ट हॅश सहज सापडतात, बहुतेक कुठल्यातरी सर्व्हिस खात्याचे, ज्याचा मालक आता कुणालाच आठवत नाही.

सापडल्यावर

फुटलेला पासवर्ड अहवालात लिहायचा नाही. खात्याचं नाव आणि तो का कमकुवत ठरला एवढं पुरे: नावावरून बनलेला, यादीतला, आखूड. तोच पासवर्ड त्या माणसाने आणखी चार ठिकाणी वापरलेला असू शकतो. पॉट फाइलमध्ये मात्र तो उघडा लिहिलेला असतो, म्हणून तिला आणि अनशॅडोच्या प्रतीला शॅडो फाइलइतकंच जपा. बॅकअपमध्ये त्यांची प्रत जाते का तेही बघा. काम संपल्यावर प्रत काढून टाका. पॉट ठेवायचीच असेल तर एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, रूटच्या मालकीची, परवानगी ६००.

माणसांच्या खात्यांसाठी ‘चेज’ या पासवर्डाची मुदत ठरवणाऱ्या कमांडला उणे डी आणि शून्य दिलं की पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावाच लागतो. नवा पासवर्ड कसा असावा यावर फार नियम लादू नका. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात मोठं-लहान-आकडा-चिन्ह अशी सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती, दोन्ही सोडून देऊन लांबी आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळणी यांवर भर दिला. ‘क्रॅकलिब-चेक’ला एखादा नमुना देऊन पाहिलात तर तो शब्दकोशावर आधारलेला आहे की काय, हे ते जागच्या जागी सांगतं. स्वतःचा खरा पासवर्ड मात्र त्याला ‘एको’ने देऊ नका, शेलच्या हिस्ट्रीत राहतो.

खातं लॉक करायचं ठरलं तर ‘पासवर्ड’ कमांडचा उणे एल पर्याय हॅशच्या पुढे उद्गारचिन्ह लावतो. हॅश मागे तसाच राहतो, आणि एसएसएच किल्लीने प्रवेश तरीही चालू असू शकतो. खातं खरंच बंद करायचं असेल तर त्याची मुदतही संपवा.

सर्व्हिस खात्यांवर मात्र चेज सरसकट चालवू नका. पासवर्डाची मुदत संपली की पॅम त्या खात्याची क्रॉनमधली कामंही नाकारू शकतं. रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडतो, आणि लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन टोकन इज नो लाँगर व्हॅलिड’ अशी ओळ पडून राहते. आधी त्या खात्याची क्रॉनटॅब पाहा. पासवर्डाने कुणी लॉगिनच करत नसेल, तर तो बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या रकान्यात तारा घालून हॅशच काढून टाका.